प्रश्नचिन्हाची जागा

“चौकोनी कंसात नाव लिहा, कप्पा उघडतो. कप्पाच नसेल तर प्रोग्राम बोंब मारून बंद पडतो. पडायलाच हवा!” कंसरावांनी टेबलावर थाप मारली. समितीतल्या सगळ्यांचे कप हलले. मत कुणाचंच हललं नाही.

कंसराव हे सहकाऱ्यांनी ठेवलेलं नाव. ही संगणकभाषा घडवताना माहितीच्या कप्प्यांना चौकोनी कंस त्यांनीच दिले होते, आणि पोटच्या पोराला जपावं तसे ते कंसांना जपत.

पोटची पोर समोर बसली होती. तिचा प्रस्ताव एका चिन्हाचा. कंसाआधी प्रश्नचिन्ह टाकायचं. मग प्रोग्राम आधी विचारेल, कप्पा आहे का? नसला तर रिकाम्या हाताने मुकाट पुढे जाईल.

“सर,” ती म्हणाली. बैठकीत ती बाबा म्हणत नसे, आणि वेगळं बिऱ्हाड केल्यापासून बैठकीबाहेर भेटत नसे. “हात घालण्याआधी विचारलं तर काय बिघडतं?”

“चुका झाकल्या जातात.”

“आणि न विचारता घातला की काय होतं, ते तुम्हाला माहितीये.”

वेगळं बिऱ्हाड झालं होतं एका कात्रीवरून. कात्री शोधायला त्यांनी तिच्या खोलीतला तिचा कप्पा उघडला. नुसती कात्री घेतली असती तर निभावलं असतं. त्यांनी कप्पा आवरला, नको वाटलं ते फेकलं. ती रडली तेव्हा म्हणाले, “माझ्या घरातला कप्पा. विचारायचं काय त्यात?”

मतं समसमान पडली. कंसरावांचा हात तेवढा उरला. बैठकीनंतर तिला घरी बोलवायचं, असं सकाळपासून त्यांच्या मनात घोळत होतं. हात वर केला तर बोलावणं सोपं जाईल, हे कळण्याइतके ते हुशार होते. पण बरोबर असण्याची सवय फार वाईट. हात टेबलावरच राहिला. प्रस्ताव पडला.

दाराशी त्यांनी तिला गाठलं. “घरी येतेस का? चहाला?”

ती थबकली. “अय्या बाबा, विचारलंत की!” ती हसली. मग पर्स खांद्याला लावत म्हणाली, “आज नको.”

घरी येऊन त्यांनी चहाचं आधण ठेवलं. दुधाची पिशवी कापायला कात्री हवी होती. ती त्यांनी मागेच तिच्या कप्प्यात परत ठेवली होती.

तिच्या रिकाम्या खोलीचं दार लोटलेलं होतं. कंसरावांनी त्यावर टकटक केलं. वाट पाहिली.

मग ते ओट्याशी परत आले आणि पिशवी दातांनी फाडली. अर्धं दूध ओट्यावर सांडलं.