चोचभर चिखल

"या घरात कुणाचं लक्षच नाही!" सुभेदार नाथाजी सोप्यात उभे राहून ओरडले. घरातल्या कुणी मान वर केली नाही, कारण हे रोजचंच होतं. पण आज त्यांच्या पायाशी पाकोळीचं घरटं फुटून पडलं होतं आणि तीन अंड्यांचा बलक फरशीवर पसरला होता.

"वर झाडू कुणी मारला?"

सून क्रांती हात पुसत बाहेर आली. "मामंजी, कुणी हात न्हाई लावला. आपसूक पडलं. मागच्या आठवड्यातबी असंच पडलं न्हवं का?"

वर तारेवर पाकोळ्यांची जोडी नुसती बसून होती. या मोसमातली ती शेवटची जोडी.

नाथाजींनी सैन्यात अठ्ठावीस वर्षं काढली. सरहद्दीवरून घरी पत्र लिहिलं की शेवटी एक प्रश्न ठरलेला असायचा, "पाकोळ्या आल्या का?" बायको मनुबाई उत्तरात सगळ्यांची खुशाली कळवायच्या आणि शेवटच्या ओळीत लिहायच्या, "पाकोळ्यांची घरं सात." एका वर्षी तर अकरा झाली होती. घर तेच, स्लॅब तोच. मग यंदा एकही घर का टिकू नये?

त्यांनी मोबाइलच्या टॉवरला शिव्या घातल्या. शेजारच्या उसावर औषध मारणाऱ्याशी भांडले. गलोल घेऊन फिरणाऱ्या पोरांना दम भरला. वनखात्याला दोन अर्ज केले, त्यांचं उत्तर आलं नाही. आता उरला होता तो नुसता संताप, आणि तो घरच्यांवर निघत होता.

उंब्रजच्या बाजूच्या या गावाचं नाव मी सांगत नाही. वाचकहो, ते तुमचंही गाव असू शकतं. गावात शिरताना निळी पाटी लागते, 'चिखलमुक्त गाव'. ही पाटी लागली ती नाथाजींमुळे. स्वच्छता समितीचे अध्यक्ष तेच. त्यांनी गटारं झाकून घेतली, गळके नळ बदलले, दारोदारी पेव्हर ब्लॉक बसवले. कुणी अंगणात पाणी सांडलं की गळ्यातली फौजी शिट्टी वाजलीच म्हणून समजा. गेल्या वर्षी तालुक्यात पहिला नंबर आला. येत्या शुक्रवारी जिल्ह्याची तपासणी होती.

तेवढ्यात राहीबाई दारात आल्या. त्या औंधाकडच्या दुष्काळी मुलखातल्या मेंढपाळ. दरवर्षी त्यांची मेंढरं नाथाजींच्या मोकळ्या रानात खतासाठी बसायची आणि त्याच्या बदल्यात ज्वारी न्यायला त्या घरी यायच्या.

"सुभेदार, एवढं का तापलाय?"

नाथाजींनी बोट दाखवलं. राहीबाई खाली बसल्या. घरट्याचा एक तुकडा उचलून त्यांनी बोटांत चुरगळला. भुगा झाला.

"ही माती न्हाई," त्या म्हणाल्या. "खडीची पूड हाय. देवळापाशी सभामंडपाचं काम चाललंय न्हवं, तिथली. ही वाळली की गळून पडणार. पाखरू काय करंल?"

"मग मातीच आणावी की!" नाथाजी करवादले.

"कुठनं?"

"कुठनं म्हंजे? त्या जनावरांच्या हौदाजवळनं..." नाथाजींचा हात हौदाकडे गेला आणि तसाच राहिला. हौदाभोवती ब्लॉक होते. लाल-पिवळे, नक्षीदार.

"न्हाईतर रानातनं."

"रानात तुमचं ठिबक. पाट बुजवलासा."

"मग ओढ्याकडनं!"

"ओढ्याला दोन्हीकडनं सिमेंटची भित्ताडं घातलीसा. आत टिपूस न्हाई."

जी जी जागा नाथाजी दाखवत होते, ती ती त्यांनी स्वतः पुढं होऊन कोरडी केली होती.

राहीबाईंचा आवाज चढला. "आवं, आमच्या मुलखात पाणीच न्हाई, म्हनून चिखल न्हाई. तुमची कृष्णामाई भरून वाहतीया, अन् पाखराला चोचभर चिखल मिळंना! याला काय म्हनायचं?"

"म्हंजे गाव परत घाण करू व्हय?"

"घाण येगळी अन् चिखल येगळा, सुभेदार! गटार झाकलंसा, ब्येस केलंसा. डास कमी झालं. पन हौदाखालची काळी माती घाण हुती व्हय? त्याच मातीत तुमचा ऊस येतो. त्याच मातीनं तुमच्या आईनं घर सारवलं."

सोप्याच्या खांबाला टेकून मनुबाई ऐकत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "मागल्या वैशाखात मी हौदापाशी बादली उपडी केली, तवा शिट्टी कुणी वाजवली वं?"

दुसऱ्या कुणाचंच नाव घेता येत नव्हतं. टॉवर नाही, औषधवाला नाही, पोरं नाहीत. "मीच!" नाथाजी म्हणाले. "शिट्टी वाजवून मीच हाकललं पाखरांस्नी!"

ते उठले, गोठ्यातली पहार आणली आणि हौदाभोवतीचे ब्लॉक उचकटायला लागले. आवाज ऐकून सरपंच भाऊसो धावत आले.

"आवं सुभेदार, डोकं फिरलं का काय? परवा तपासणी हाय!"

"असू दे."

"सगळ्या गावाची मेहनत मातीत घालताय तुमी!"

"मातीतच घालतोय, भाऊसो. तिचीच कमी हाय."

शुक्रवारी तपासणीचे साहेब आले. हौदापाशी पचपचीत चिखल बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि कागदावर फुली मारली. नाथाजी पुढे झाले. "साहेब, गटाराच्या घाणीला मार्क कापा, आमी कान पकडू. पण स्वच्छतेच्या नावाखाली जमिनीचा श्वास कोंडायचा असंल, तर तो नंबर आमाला नको."

नंबर गेला. भाऊसोंनी बोलणं टाकलं. कट्ट्यावरची मंडळी 'चिखलसुभेदार' म्हणून हसली. आणि एवढं करून पाकोळ्या? त्या हौदाकडे फिरकल्याही नाहीत! चार दिवस झाले, सहा झाले. नाथाजी रोज संध्याकाळी बादली ओतायचे, तारेकडे बघायचे आणि चडफडत आत जायचे. उशीर झाला, जोडी गेली, असंच त्यांनी धरलं.

नवव्या दिवशी ते साताऱ्याला मिलिटरी कँटीनला गेले. रांगेत उभे असताना त्यांच्या मनात एकच घोळत होतं. आपण पाटी लावली, पण गावात आपल्याशिवाय आणखी कोण राहतं, हे एकदाही विचारलं नाही. बंधूंनो, भगिनींनो, हे आपणही विचारत नाही. घर झाडा, गाव झाडा, जरूर झाडा. पण अंगणाचा एक कोपरा तरी उघडा ओला ठेवा. माणसाच्या सोयीसाठी झाकलेली प्रत्येक वीत कुणाच्या तरी घराची माती असते.

खिशातला फोन वाजला. मनुबाईंनी नातीकडून मेसेज लिहून घेतला होता, पण घाट जुन्या पत्राचाच होता.

"घरी सर्व खुशाल. येताना चहापत्ती आणणे. सोप्यात स्लॅबखाली ओल्या काळ्या मातीची कड लागली आहे. पाकोळ्यांचं घर एक."

रांगेतल्या माणसानं विचारलं, "सुभेदार, काय झालं? डोळ्यांत पाणी?"

नाथाजींनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात ठेवली. "काही न्हाई गड्या," ते म्हणाले. "घरनं पत्र आलंय."