नापास फ्रेम

रेणुकादासांनी मायक्रोफिल्मचं रीळ यंत्रावर चढवलं आणि पडद्यावरची धूळ रुमालानं पुसली.

"कॉम्प्युटर आल्यापासून या म्हाताऱ्याला कुणी विचारत नाही," ते म्हणाले. लातूरच्या अभिलेख कक्षात त्यांची नोकरी याच यंत्राशेजारी सरत आली होती.

आसिफ खुर्चीच्या कडेवर बसला होता. त्याच्या मुलीला, उजमाला, मेडिकलला जागा मिळत होती, पण जातपडताळणीसाठी तिच्या आजोबांची शाळेतली नोंद हवी होती. शाळेचं रजिस्टर भूकंपात गाडलं गेलं होतं. उरली होती ती आधीच काढून ठेवलेली फिल्म, आणि तिच्यावरून केलेली कॉम्प्युटरवरची प्रत. ती प्रत त्यानं सकाळीच पाहिली. शेख महेबूब हे नाव स्वच्छ होतं आणि पुढे जातीच्या रकान्यावर नेमका काळा डाग. पोरीनं दोन वर्षं क्लासमध्ये रक्त आटवलं आणि घोडं अडलं ते एका डागापाशी!

"फिल्मवर बी डागच असंल तर?"

"बघू की. ती प्रत काळं-पांढरं दोनच ओळखते. फिल्मला मधलंही दिसतं."

दांडी फिरली, पानं सरकली, आणि हवं ते पान आलं. तो डाग नव्हताच. बोट होतं.

"घ्या! कुण्या शहाण्यानं मधे बोट घातलंय," रेणुकादास वैतागले.

आसिफ पडद्यावर वाकला. बोटाचं नख मधोमध उभं चिरलेलं होतं. लहानपणी कापूस पिंजताना पिंजणाची ताणलेली तात तुटून लागली होती, त्याची ती खूण.

"साहेब, हे अब्बांचं बोट हाय."

महेबूब औशाच्या फोटो स्टुडिओत कामाला होते. ही फिल्म काढायलाही ते गेले होते. त्यांनी उभ्या तालुक्याचे फोटो काढले. त्यांचा स्वतःचा एकच होता, तो भूकंपात घराखाली गेला. तेही गेले.

रेणुकादासांनी मागची पानं फिरवून पाहिली.

"दुसरीकडे कुठंच बोट नाही. पान दाबायला वरून काच असते, बोट लागतच नाही."

"मग हितंच कसं?"

दोघंही बघत राहिले. बोटाचं टोक बरोबर नावाला टेकलं होतं.

रेणुकादासांनी दांडी पुढे फिरवली. पुन्हा तेच पान आलं, बिनबोटाचं.

"फ्रेम बिघडली की लगेच दुसरी काढायची, अशी रीत होती. कॉम्प्युटरवाल्यांनी पान दोनदा आलं म्हणून ही गाळली असणार."

रकान्यात सुबक अक्षरात लिहिलं होतं, पिंजारी.

आसिफनं मोठा श्वास सोडला. त्याला एकदम रडू आलं.

"हिची साक्षांकित प्रत देतो. झालं तुमचं काम."

"अन् त्या पहिलीची बी द्या."

"ती नापास फ्रेम आहे, आसिफभाई. कमिटीत चालणार नाही."

"कमिटीला न्हाई. घरी लावायची हाय."

रेणुकादासांनी रीळ मागं घेतलं.

"पूर्ण पान काढू, की नुसतं बोट?"

"नाव बी येऊ द्या," आसिफ म्हणाला.