मांडवाची लाइन

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी कूलर आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी डूख धरणारा आहे.

१९९९ साली गोंदियाच्या एका वेल्डिंगच्या दुकानात माझा जन्म झाला. तिरोड्याजवळच्या गावात जीवनलालनं मला आणलं, तेव्हा अर्धं गाव बघायला जमलं होतं. त्याची बायको मुन्नीबाई माझ्यात पाणी भरायची. लहानगी चंचल माझ्या जाळीला तोंड लावून ओरडायची आणि स्वतःचाच थरथरता आवाज ऐकून हसायची. जीवनलाल पाहुण्यांना म्हणायचा, "बसा, हे आमचं चिखलदरा होय!"

मग २००९ साली ग्रामसभेत शर्यत ठरली. उन्हाळाभर ज्याचा मीटर सर्वांत कमी फिरेल, त्यानं दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत नाटकाचा नारळ फोडायचा. झालं! भिंतीपलीकडच्या उदारामनं टीव्ही बंद केला, तर जीवनलालनं पंखेच उतरवले. शेवटी माझी पाळी आली.

"हाच खाऊन राहिला सारी लाइट!" म्हणत त्यानं मला लाथ मारून गोठ्यामागं ढकललं. इतक्या वर्षांची सेवा, आणि वर लाथ! कोंबड्या माझ्या टाकीत अंडी घालू लागल्या. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. घरात चंचलच्या अंगभर घामोळं उठलं, मुन्नीबाईला भोवळ येऊ लागली, आणि हा बाबा मीटरसमोर स्टूल टाकून बसलेला!

एके दिवशी तो शेतावर गेल्यावर मुन्नीबाई माझ्याकडं आली. सोबत उदारामची बायको अनुसयाबाई होती. दोघींनी कोंबड्या हाकलल्या आणि मला ओढत उदारामच्या पडवीत नेलं. उदाराम दिवसभर राइस मिलवर असायचा. भिंतीवरच्या तोंडल्याच्या वेलात एक तार लोंबत होती. उदारामची मुलगी टीना हिच्या लग्नात शेजारधर्म म्हणून जीवनलालनंच आपल्या घरून मांडवाला लाइन दिली होती. ती काढायची राहून गेली, आणि तो विसरूनही गेला. मुन्नीबाई विसरली नव्हती. तिनं पिन लावली, मी सुरू झालो, आणि अहाहा, विजेची चव ओळखीची निघाली!

मग काय विचारता! पापड लाटायला जातो म्हणून मायलेकी रोज इकडं यायच्या. भिंतीपलीकडं जीवनलाल घरातला शेवटचा बल्बसुद्धा काढून मीटरकडं डोळे वटारायचा.

"सारं बंद हाये, तरी काऊन फिरून राहिला हा?"

ते ऐकून मी आणखी जोरात घुमायचो. फिर म्हणावं, गरगर फिर!

मृग लागला आणि निकाल आला. उदाराम जिंकला. जीवनलाल तणतणत त्याच्या घरी गेला आणि पडवीतच थिजला. समोर मी होतो, आणि माझ्यापुढं पाय पसरून त्याचीच बायको आणि मुलगी. त्यानं तारेवरून नजर फिरवली. तार भिंत चढून त्याच्याच घरात शिरत होती.

"पिन कोनं लावली?"

"मी लावली," मुन्नीबाई म्हणाली. "जा, सांगा ग्रामसभेत. सांगा का माही बायको गरमीनं मरून राहिली होती, म्हणून शेजारच्या घरी जाऊन बसली. सांगता का?"

तो काय सांगणार, कपाळ! मंडईत उदारामनं नारळ फोडला, तेव्हा पहिल्या रांगेत बसून त्याला टाळ्या वाजवाव्या लागल्या.

आता मी परत त्याच्याच घरी आहे. उन्हाळ्यात तोच बादलीनं माझ्यात पाणी भरतो. मित्रांनो, वीज वाचवा, जरूर वाचवा. पण घरच्या माणसांचा जीव जाळून वाचवू नका. आणि गारवा देणाऱ्याला लाथ मारायचीच असेल, तर आधी आपल्या भिंतीवरची तार तेवढी बघून घ्या.