बिनवासाचं कालवण

भगवंतरावच्या पिंडाला कावळा शिवला नाही. नदीवर सारी भावकी उन्हात उभी होती. मुलगा शेषराव हात जोडून एकेक कबूल करत होता: माय सांभाळीन, विहीर बांधून काढीन, बापाची माळ मीच गळ्यात घालीन. कावळे बाभळीवर बसून ऐकत होते. एक खाली उतरला, पिंडाजवळ गेला, चोच वाकवली आणि चटका बसल्यासारखा मागं सरला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि लोक मान खाली घालून परतले.

भगवंतरावला काय हवं होतं ते एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ती बाई असल्यामुळं नदीवर नव्हती. त्याची बायको गोजरबाई घरी चूल सारवत बसली होती.

मेलेल्याबद्दल वाईट लिहू नये म्हणतात. ज्यांना झाकायचं असतं त्यांनीच ते काढलेलं आहे. भगवंतराव जानेफळच्या अलीकडच्या आमच्या गावचा माळकरी, पंचांतला पहिला. वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चालायचा, पण आमच्या गावात काय शिजावं ते भगवंतराव ठरवायचा. किसनरावच्या घरी एकदा सुके बोंबील भाजले. किसनरावनं माळ घातलेली, पण आजारी बायकोच्या तोंडाला चव नव्हती म्हणून भाजले. वास गल्लीभर गेला. भगवंतरावनं पंच बसवले आणि ते घर वाळीत टाकलं. विस्तव बंद, पाणी बंद. बायको गेली तेव्हा खांदा द्यायला भावकीतला एक माणूस आला नाही.

ते घर वाळीत टाकलं त्याच दिवशी भगवंतराव गोठ्यात बसून मरळ खाऊन उठला होता.

लग्न होऊन आल्यापासून गोजरबाई त्याला मासे रांधून घालत होती, आणि घरातल्या कुत्र्यालाही कळलं नव्हतं. पैनगंगेवरची भोईण मंजुळाबाई अंबाडीची भाजी घेऊन यायची. भाजीखाली मरळ असायची, अजून हलणारी, कारण शिळ्या माशाचा वास कशानं जात नाही. गोजरबाई ती मळ्यात, विहिरीच्या पाटावर साफ करायची. आधी राख आणि मीठ चोळून सारा चिकटा काढायचा, मग चिंचेच्या कोळात बुडवून ठेवायची, मग हळद आणि बेसन लावायचं. पोटातली घाण आणि खवले लिंबाच्या झाडाखाली पुरायचे. फोडणी नाही, कारण तेलात पडल्यावर मासा बोभाटा करतो. गाडग्यात अंबाडीचा पाला खाली, मासा वर, आणि झाकणाची कड ज्वारीच्या पिठानं लिंपून बंद. हे गाडगं गोठ्यात गोवऱ्यांच्या धगीवर. वरून कडुनिंबाचा पाला टाकून धूर करायचा, की बघणाऱ्याला वाटावं बैलांच्या डासांसाठी धुपट केलंय. जेवण झालं की गाडगं फोडून उकिरड्यात आणि हात बेसनानं घासून लिंबाच्या पाल्यात चोळायचे.

तिला त्यातला घास कधी मिळाला नाही. बायकांच्या तोंडाला वास राहतो, असं तो म्हणायचा.

गोठ्याच्या कोपऱ्यात, धाकट्या बैलाच्या दावणीशी तो बसायचा. पळसाच्या पानावर खायचा. मणक्याचा एकेक तुकडा चोखून स्वच्छ करायचा आणि पानाच्या डाव्या कडेला ओळीनं मांडायचा, मोठ्यापासून लहानापर्यंत. माळेतले मणी मांडावेत तसे. गोजरबाईला त्या ओळीची शिसारी यायची. पण उचलायची तीच.

दहावा करून माणसं घरी आली त्या दिवसापासून घरात वास यायला लागला.

आधी चुलीपाशी आला. मग देव्हाऱ्यात, मग गोधड्यांच्या घडीत. लोक म्हणाले उंदीर मेला असेल. कोठ्या हलवल्या, उंदीर नव्हता. घर सारवलं, ऊद जाळला, गोमूत्र शिंपडलं. वास हलला नाही. पाणी प्यायला तांब्या तोंडाशी नेला की पाण्यातून यायचा. सगळ्यांना तो माशाचा म्हणूनच कळत होता. गोजरबाईला मात्र त्यात अंबाडीची आंबटी लागत होती, आणि त्या आंबटीमागं कडुनिंबाचा धूर. तो तिच्याच गाडग्याचा वास होता. इतकी वर्षं तिनं तो राखेत, पिठात आणि मातीत दाबून ठेवला होता. आता तो दाबणाऱ्या हाताला दाद देत नव्हता.

तेरवी झाली आणि भावकीनं गुन्हेगार शोधला. असा शोध लागायला कधी उशीर लागत नाही, घरात परक्या घरची पोरगी असली की झालं. शेषरावची बायको रुख्मिणी नदीकाठच्या गावची. मंजुळाबाईशी दारात बोलताना तिला कुणीतरी पाहिलं होतं. शिवाय ती गरोदर होती, आणि वास आला की परसात जाऊन ओकायची. भगवंतरावचा भाऊ अर्जुनराव म्हणाला की हाच पुरावा. सुतकातल्या चुलीवर हिनं मासा शिजवला, म्हणून दादाच्या पिंडाला कावळा शिवला नाही. बाजाराच्या दिवशी हिला गाडीत घालून माहेरी सोडायचं, आणि परत आणायचं नाही.

शेषराव खाली बघत होता. त्याला बापाची माळ घालायची होती.

रुख्मिणी सासूजवळ आली. रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "आत्याबाई, तुमाले तरी वाटते का मी केलं म्हून?"

गोजरबाईनं सुपातली ज्वारी पुढं ओढली. नवऱ्याचं नाव एका पारड्यात होतं आणि ही पोटुशी पोर दुसऱ्यात. खरं सांगितलं तर भावकी गोजरबाईलाच आधी विचारेल, रांधलं कोणी म्हणून. सारा दिवस ती गप्प राहिली. दिवा लावायला वाकली तेव्हा तेलातून तोच वास आला, आणि तिला कळलं की ती गप्प राहिली तर ही पोर जाईल, वास जाणार नाही.

बाजाराच्या दिवशी सकाळी अर्जुनरावची गाडी जुंपून दारात उभी होती. ओट्यावर भावकी बसली होती. तेव्हा गोजरबाईच्या निरोपावरून मंजुळाबाई आली, आणि तिच्या टोपलीवर अंबाडी नव्हती. मरळ उघडी होती. गोजरबाईनं ती सगळ्यांसमोर हातात घेतली.

अर्जुनराव उठला. "वहिनी, येडबीड लागलं का तुमाले?"

"बसा, भाऊजी," ती म्हणाली. "तुमच्या दादाचा सयपाक करून राह्यली मी. आजवर गोठ्यात करत होती. आज घरात करते."

मग तिनं सांगितलं. आवाज चढवला नाही. मंजुळाबाई, चिंचेचा कोळ, पिठानं लिंपलेलं गाडगं, उकिरड्यातली खापरं, डाव्या कडेची काट्यांची ओळ. किसनरावचं घर वाळीत टाकलं त्या दिवशी काय शिजलं होतं तेही सांगितलं. शेषराव पुटपुटला, माय, चूप राय. अर्जुनराव म्हणाला बाई दुःखानं चळली आहे.

तिनं मासा अंगणात कापला. राख चोळली नाही, चिंच लावली नाही. मधल्या घरातल्या चुलीवर कढई ठेवली, तेल तापवलं, लसूण टाकला, तुकडे सोडले आणि पाणी ओतलं. झाकण नाही, दार सताड उघडं. ओट्यावरच्या माणसांनी उपरण्यानं नाक दाबलं. दाबून दमले, मग हळूहळू सोडलं.

वास येत नव्हता. तेल तडतडत होतं, रस्सा रटरटत होता, आणि लसणाचासुद्धा वास नव्हता. इतके दिवस घरात भरून राहिलेला तोही विरळ होत चालला होता, जणू कढईच त्याला आत ओढून घेत होती.

"पाणीच उकळून राह्यली का?" कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही.

गोजरबाईनं पळसाच्या पानावर वाढलं, गोठ्यात त्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं, वर डालं पालथं घातलं आणि डाल्यावर दगड ठेवला. बाहेर येऊन कडी लावली. सगळे अंगणात उन्हात उभे राहिले. फटीतून बैल दिसत होते. बसलेले बैल उठून उभे राहिले, मालक आत आला की उठायचे तसे. त्यांनी रवंथ थांबवला आणि दोघांनी एकदमच मान कोपऱ्याकडं वळवली. आत कुणीतरी घसा खाकरला. शेषरावनं तो आवाज ओळखला आणि आईचा पदर धरला.

गोठ्याच्या छपरावर कावळा येऊन बसला होता. कुणी बोलावला नव्हता.

तिनं कडी काढली. दगड जागेवर होता. तिनं अर्जुनरावलाच डालं उचलायला लावलं. खाली पान होतं, पुसल्यासारखं कोरडं. डाव्या कडेला मणक्यांची ओळ होती, मोठ्यापासून लहानापर्यंत.

"मांजर," अर्जुनराव म्हणाला.

आणि मग वास सुटला. एका माशाचा नव्हता तो. तिनं पुरलेला, लिंपलेला, धुरात लपवलेला साऱ्या वर्षांचा वास गोठ्याच्या दारातून एकदम बाहेर आला. घरांवरून गेला, पारावर गेला, देवळात टाळ टांगले होते तिथं गेला. बायका पाण्याच्या घागरी टाकून दारात आल्या. गावच्या टोकाला वाळीतल्या घराच्या उंबऱ्यात किसनराव उठून उभा राहिला, आणि त्यानं तो छाती भरून घेतला. कोणाच्या घरून येतोय ते त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

दिवेलागणीपर्यंत वास निघून गेला. पुन्हा कधी आला नाही.

गाडीचे बैल अर्जुनरावनं स्वतः सोडले. रुख्मिणी घरातच राहिली. बापाची माळ खुंटीला होती, ती शेषरावनं घातली नाही आणि काढूनही ठेवली नाही.

कढईत एक तुकडा उरला होता. गोजरबाई चुलीपुढं बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं आपल्या हातची मरळ खाल्ली. सून बेसनाचा डबा घेऊन आली, हात घासायला.

"राहू दे," सासू म्हणाली. साध्या पाण्यात तिनं बोटं बुचकळली आणि तो ओला, वासाचा हात सुनेच्या पाठीवर ठेवला.