पांघरुणातली स्टोनी

फ्लॉरा आजीचं तोंड बंद करणं कॅनडातल्या आमच्या मॉर्लीत कुणाला जमलेलं नाही. दुकानात, नदीकाठी, चर्चच्या पायरीवर तिची खणखणीत स्टोनी, आम्हा आदिवासींची भाषा, चालूच. म्हणून तर मी तिला माझ्या वर्गात भाषा शिकवायला आणलं. माझी स्वतःची स्टोनी म्हणजे आनंदच; ही बोलली नाही तर पोरांना भाषा मिळायची कुठून? आणि वर्गात पाऊल टाकताच बाई गप्प.

"आजी, बोल की."

"बोलतेय की," ती इंग्रजीत म्हणाली.

मला काही उलगडेना. बाहेर गाडीत बसवलं की स्टोनीत सुनेचा उद्धार सुरू. आत आणलं की पुन्हा इंग्रजी. शेवटी मी वैतागून विचारलं, "लहानपणी मिशनच्या शाळेत स्टोनी बोललीस म्हणून तळहातांवर पट्टा खाल्लास ना? मग तेव्हा कशी बोलायचीस?"

"पांघरुणात. एकमेकींच्या कानात." एवढं बोलून तिचं तिलाच नवल वाटलं. ती वाकली आणि समोरच्या ट्रिनाच्या कानात कुजबुजली, "मिनी." पाणी.

मग काय, हिवाळाभर वर्ग रंगला. पोरं एकमेकांच्या कानाला तोंड लावून भराभर शिकली. मी खूश.

वसंतातल्या जेवणावळीत ट्रिना आजीच्या कानाशी लागून अख्खं वाक्य बोलली: मला अजून मांस वाढ.

"मोठ्यानं बोल की गं."

ट्रिनानं आधी इकडेतिकडे पाहिलं. "स्टोनी मोठ्यानं बोलायची नसते, आजी."

या पोरीला कधी कुणी बोटही लावलेलं नाही. आजीचा घास हातातच राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी वर्गात आजी टेबलाला धरून उभी राहिली. ओठ हलले, आवाज फुटेना. मग फुटला तो असा, की मुख्याध्यापक क्लिफर्ड धावत आला. खरं तर तिच्याच भाचीचा मुलगा. पण दारात त्याला पाहताच आजीनं दोन्ही तळवे पाठीमागे लपवले.

क्लिफर्ड तिथंच थिजला. आजीनं हात हळूहळू पुढे आणले, त्यांच्याकडे जरा पाहिलं आणि खणखणीत स्टोनीत म्हणाली, "क्लिफर्ड, आत ये. पोरांत बस. तुलाही कुठं येतेय स्टोनी?"