मामाची पिवळी

काजलला उसवायचा नाद होता. शिवणाऱ्या पोरी साखरखेर्ड्यात पुष्कळ, पण चांगला शिवलेला कपडा उसवून त्याचं दुसरंच काही करणारी ती एकटी. बापाच्या जुन्या सदऱ्याचा तिनं टॉप केला, दाराच्या पडद्याची सैल पॅन्ट केली. ती घालून कॉलेजला गेली तेव्हा पोरी फिदीफिदी हसल्या, आणि आठ दिवसांनी त्याच पोरी आपापल्या घरचे पडदे काखोटीला मारून दारात आल्या. जगात बाही फुगली की काजलची बाही फुगायची. मुंबईची फॅशन गावात पोचायला पूर्वी दोन वर्षं लागायची, ती या पोरीनं फोनच्या जोरावर चार दिवसांवर आणली होती.

तिला अमरावतीला ड्रेस डिझाइनच्या कोर्सला जायचं होतं. फॉर्मची मुदत महिनाअखेरपर्यंत होती. तिचा बाप ज्ञानेश्वर तसा वाईट माणूस नव्हता. फक्त मोठ्या भावाच्या घरापुढे त्याची मान वर होत नसे. भिंतीला भिंत लागून मोठ्या भावाचं, नारायणरावांचं घर होतं आणि त्यांच्या अनुपमाचं लग्न ठरलं होतं. ज्ञानेश्वरनं तोच मुहूर्त धरला.

"अनुपमाच्या हळदीचा ड्रेस तू शिवून राह्यली ना? पाहुण्यांतल्या चार जणांनी तुह्यं काम नावाजलं, तर जाय अमरावतीले. नाही तर कोर्स-बिर्स इसर. लग्न उरकलं की तुह्यासाठी पाहुणे बोलावतो."

"खरंच, बाबा?"

"हाव. माहा शब्द हाय."

अनुपमाच्या डोक्यात वेगळंच होतं. आईच्या जुन्या साडीचा घागरा करून नट्या लग्नात मिरवतात, हे तिनं फोनवर पाहिलं होतं आणि तिला अगदी तसंच हवं होतं. पण तिची आई अन्नपूर्णाबाई मोठ्या टापटिपीच्या. जुनं म्हणून घरात काही राहू द्यायच्या नाहीत; स्वतःच्या लग्नातल्या साड्यासुद्धा त्यांनी भांडेवालीला देऊन त्यांची पातेली करून घेतली होती. म्हणून अनुपमा काजलच्या घरी आली आणि काजलच्या आईची, शालूबाईची पेटी उघडून बसली.

पेटीच्या तळाशी मामाची पिवळी होती. लग्नाच्या विधीला नवरीला तिच्या मामानं पिवळी साडी नेसवायची, ही आपल्याकडची रीत. शालूबाईचा मामा कडूबा दुसऱ्याच्या मळ्यात राबायचा. देऊळगाव राजाच्या बाजारातून साडी घेऊन, सायकलला बांधून तो लग्नाच्या दिवशी तांबडं फुटताना मांडवात पोचला होता. हिरव्या काठाची, हळदीसारखी पिवळी. शालूबाईनं ती एकदाच नेसली, आणि मामा गेल्यावर तर तिला हातही लावला नव्हता.

"हीच पाह्यजे!" अनुपमा म्हणाली. "अशी पिवळी आता कुठं भेटते, काकू?"

शालूबाईनं हिरव्या काठावरून एकदा हात फिरवला. मग तिनं साडी काजलच्या मांडीवर ठेवली. "काप. पेटीत पडून काय करते? नवरीच्या अंगावर जाईन. आन् तुही अमरावती होईन."

साडी घड्यांवर विरली होती. जरा ताण पडला की फाटेल अशी. काजलनं तीन दिवस कात्री लावलीच नाही, नुसतं मोजत बसली. मग घागऱ्याच्या घेराच्या निमुळत्या पट्ट्या, कळ्या, अशा बेतल्या की विरलेली प्रत्येक घडी शिलाईच्या आत जावी. काठ उसवून ब्लाउजच्या बाह्यांना लावला, आतून मऊ सुती अस्तर दिलं. पेटी उघडल्यापासून शेवटचं हूक लागेपर्यंत सगळं तिनं फोनवर टिपून ठेवलं होतं. घागरा तयार झाला तेव्हा शालूबाईनं तो दोन्ही हातांत धरला आणि कुठे शिवण आहे ते शोधत राहिली. तिला ती सापडेना. काजलला इतका आनंद झाला की तिला रडूच आलं.

हळदीच्या दिवशी डोणगावहून नवरदेवाकडची मंडळी उष्टी हळद घेऊन आली. अनुपमा मांडवात आली आणि बायकांची कुजबुज थांबली. नवरदेवाची बहीण मयुरी पुढे झाली, घागऱ्याचा घेर हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला.

"वहिनी, काय सुंदर हाय हो! कुठून घेतला? मलेही असाच पाह्यजे."

बाजूच्या सहा-सात जणी माना डोलावू लागल्या. चार काय, आठ जणींनी नावाजलं. हळदीची वाटी घेऊन काजल तिथेच उभी होती. पलीकडे खुर्च्या मांडणारा ज्ञानेश्वरही थांबून ऐकत होता.

अन्नपूर्णाबाई हसल्या. "अकोल्याहून आणला. मोठं दुकान हाय तिथं. एकच पीस होता. काय हो भाऊजी, तुम्हीच गेले होते ना आणाले?"

सगळ्यांनी ज्ञानेश्वरकडे पाहिलं. याच माणसानं आठ दिवस काजलच्या शिलाई मशीनची खडखड ऐकली होती. दोनदा विजेची तार सरळ करून दिली होती.

"हो," ज्ञानेश्वर म्हणाला. "अकोल्याहून."

काजलनं अनुपमाकडे पाहिलं. अनुपमा बांगड्या सारख्या करत होती.

पंगत उठल्यावर काजलनं बापाला गोठ्यामागे गाठलं. "बाबा, तुम्ही काऊन असं बोलले?"

"मंग काय वहिनीले खोटं पाडू? चारचौघांत?"

"पण नावाजलं ना त्यांनी! तुम्ही ऐकलं ना!"

"नावाजलं, पण अकोल्याच्या दुकानाले. तुह्यं नाव कोणी घेतलं का?" असं म्हणून तो मुकाट्यानं खुर्च्या उचलायला गेला. त्याला लाज वाटली असेल. वाटून उपयोग काय झाला?

काजल खोलीत गेली आणि टिपून ठेवलेला व्हिडिओ तिनं जगासमोर टाकला. आईच्या पेटीतली साडी, कळ्या, अस्तर, आणि शेवटी हळदीच्या पाटावर बसलेली अनुपमा. खाली लिहिलं, 'माझ्या आईची पिवळी, माझ्या ताईची हळद. शिवण माझी.' शहरात जे मिरवतात ते गावातही मिरवता येईल असं तिला अजून वाटत होतं. चूक झाली ती इथेच. नटीनं जुनी साडी घातली की तिची फॅशन होते. साखरखेर्ड्याच्या नवरीनं घातली तर ते दुसऱ्याच्या अंगावरचं उतरलेलं कापड असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लग्न लागेपर्यंत तो व्हिडिओ चाळीस हजार लोकांनी पाहिला. पुण्याच्या, नागपूरच्या बायकांनी लिहिलं, किती सुरेख, आम्हाला शिवून द्याल का? आणि डोणगावच्या मयुरीनंही तो पाहिला, आपल्या आईला दाखवला. विहीणबाई भर मांडवात म्हणाल्या, "आमच्या सुनेले हळदीले नवं कापड भेटलं नाही काय? काकूच्या लग्नातलं नेसवून आम्हाले अकोला सांगता?"

अन्नपूर्णाबाईंचं तोंड पांढरं पडलं. जेवणं झाली, पाठवणी झाली. गाडी वेशीबाहेर गेल्यावर त्या काजलच्या घरी आल्या, दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "पोरीच्या संसारात पहिल्याच दिवशी खडा टाकला तुह्या लेकीनं, शालू. भरून पावलो आम्ही." काजलनं बापाला त्या चाळीस हजारांचा आकडा दाखवला. तो म्हणाला, "फोनातले लोक पाहुणे नसतात," आणि मशीनवर पोतं टाकलं.

पाचव्या दिवशी अनुपमा मांडवपरतणीला माहेरी आली. संध्याकाळी ती काजलकडे डोकावली. हातात स्टीलचा नवा, झाकणाचा डबा होता.

"सासूबाईनं देला. म्हणे, ज्याचं त्याले देऊन ये."

"काय हे?"

"घागरा भांडेवालीले देऊन टाकला त्यांनी. त्याच्यावर हा भेटला."

काजलनं डब्याचं झाकण काढून आत पाहिलं. मग तिनं विचारलं, "तू काही बोलली नाही, ताई? साडी तूच तर निवडली होती."

अनुपमा उंबऱ्याकडे पाहू लागली. "मले तिथंच जलमभर राहाचं हाय, काजल. मी म्हटलं, जुनी साडी हाय हे मले माहीतच नव्हतं." आणि ती निघून गेली.

शालूबाईनं डबा घेतला, चुलीपाशी नेऊन धुतला, पदरानं पुसला. मग उलटा करून तळ पाहिला. तळ कोरा होता.

"उद्या बाजारात जाय आन् याच्यावर नाव टाकून आण."

"कोणाचं?"

"कडूबा मामाचं. त्याचाच हाय ना."

भांड्यावर नाव कोरणारा बाजाराच्या कोपऱ्यात बसतो. त्यानं विचारलं, "भेट कशाची लिहू, बाई? लग्नाची?" काजल हो म्हणाली. मशीन घरघरली आणि तळाशी अक्षरं उमटली: लग्नानिमित्त कडूबा मामांकडून सप्रेम भेट.

महिना सरला, फॉर्मची तारीख गेली. रविवारी काजलला पाहायला पाहुणे आले. मुलाच्या आईनं विचारलं, पोरीला काय काय येतं? ज्ञानेश्वर घाईनं म्हणाला, "सैंपाक येते, घरकाम येते. शिवण-बिवण काही नाही." काजलनं ते ऐकलं, मामाच्या डब्यातून दोन चमचे साखर घेतली आणि पाहुण्यांच्या चहात घातली.