दोराच्या दोन टोकांना

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, डब्लिन गावच्या वृद्धाश्रमातून फोन आला तेव्हा नीलांबरीचं दुभाष्याचं दिवसातलं तिसरं काम नुकतंच संपलं होतं. पुण्यात शिकलेलं जपानी ओहायोत एवढं उपयोगी पडेल असं तिला वाटलं नव्हतं. पण मोटारींच्या कारखान्यांपायी इथे आलेली जपानी माणसं इथेच म्हातारी झाली होती.

भांडण ओकादा आणि कुरोकी यांचं होतं. दोघंही पंच्याऐंशीच्या पुढचे, विधुर, चार वर्षं एकाच टेबलावर जेवणारे. ओकादांचे वडील युद्धात लष्करात होते, कुरोकींचे नौदलात. तो विषय दोघं टाळत. काल कुरोकींनी पानात भात टाकला आणि ओकादा बोलून गेले, "नौदलाला भात टाकून पळायची सवयच आहे." कुरोकींनी कप फेकून मारला.

"टेबलं वेगळी करायची का, एवढंच विचारा," मॅनेजर मेगन म्हणाली.

नीलांबरीने विचारलं. उत्तर भलतंच आलं.

"माझे वडील ग्वाडलकनाल बेटावर उपाशी मेले," ओकादा म्हणाले. "नौदलाने आमच्या माणसांना तिथे नेऊन सोडलं नि पाठ फिरवली."

"पाठ फिरवली?" कुरोकींचा आवाज चिरकला. "माझे वडील विनाशिकेवर होते. तुमच्या माणसांसाठी तांदळाची पिंपं दोराला बांधून त्याच बेटाच्या किनाऱ्याजवळ सोडायचे. त्यातच गेले. आणि तुमच्या लोकांनी दोरसुद्धा ओढले नाहीत! आई मरेपर्यंत म्हणायची, लष्कराच्या आळसापायी गेले."

नीलांबरी मेगनला इंग्रजीत सांगत गेली. 'माझे वडील' हे शब्द तिला दोन वेगळ्या बापांसाठी उच्चारावे लागले.

ओकादा कुरोकींकडे वळले.

"आळस नव्हता," ते म्हणाले. "वडिलांबरोबरचा एक जण जिवंत परतला. त्याने आईला सांगितलं. दोर हातात यायचा, पण ओढायला अंगात बळ नसायचं."

"हे आम्हाला कुणी सांगितलं नाही."

"तुमच्या वडिलांचं तरी आम्हाला कुणी सांगितलं?"

मेगनने घड्याळाकडे पाहिलं. नीलांबरीने पुन्हा टेबलाचं विचारलं.

"काही दिवस वेगळं बसू," ओकादा म्हणाले. "दमलोय मी." कुरोकींनी मान हलवली. मेगनने तसं लिहून घेतलं.

वॉकर ढकलणाऱ्या ओकादांना सोडायला नीलांबरी खोलीपर्यंत गेली. दाराशी त्यांनी विचारलं, "तुमच्या घरचं कुणी होतं त्या युद्धात?"

इतक्या वर्षांत कुठल्याही जपानी माणसाने तिला हे विचारलं नव्हतं.

"आजोबांचे धाकटे भाऊ. ब्रह्मदेशात. तुमच्या लष्कराशी लढले."

"परत आले?"

"नाही."

ओकादा वॉकरला धरूनच खाली वाकले, खूप खाली. ते पडतील म्हणून तिने त्यांचा दंड धरला, आणि ते सरळ होईपर्यंत तशीच उभी राहिली.